सात नंबरचा तुकडा

९ जानेवारी

रंगराव भावजींना नमस्कार.

पाकीट जाड आहे म्हणून दचकू नका, कुणाला काही झालेलं नाही. आत कापडाचे बारा तुकडे आहेत, दर रंगाचा एकेक, ते उघडताना सांडू देऊ नका.

परवा पलंगाखालची पत्र्याची पेटी उघडली. गिरणीच्या रंगखात्यात रंग जुळवताना रंगवलेले नमुन्याचे तुकडे तुम्ही मला आणून द्यायचात, आठवतं? तळहाताएवढे, कोपऱ्यात चिठ्ठी टाचलेले. "वहिनी, पिशव्यांना होतील" म्हणायचात. चौतीस वर्षांचे तुकडे साठलेत, माणसाने पिशव्या शिवाव्यात तरी किती! म्हणून गोधडी शिवायला घेतली आहे. टाचण्या गंजल्या होत्या, त्या चिठ्ठ्यांसकट काढून टाकल्या आणि तुकडे धुऊन घेतले.

एकटी नाही हं शिवत. आमचं मंडळ आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी पाच जणी माझ्याकडे जमतात. उंच बाई, कुंड्यांवाल्या, नर्सबाई, गाण्याच्या मास्तरीणबाई, आणि एक आहे ती नुसती हसतच असते. धावदोरा सगळ्यांना येतो, घोडं अडतं ते रंगांशी. दोन तुकडे शेजारी ठेवले की छान वाटतं, तिसरा ठेवला की त्यांची भांडणं सुरू. म्हटलं, घरात खुद्द रंगमास्तर असताना आपण का डोकं फोडून घ्यावं? तुकड्यांच्या कडेला शाईने आकडे घातलेत. कुणाला कुणाशेजारी बसवायचं ते कळवा. फोनवर रंग दाखवता येत नाहीत, आणि फोनवर तुम्ही "बरं आहे" म्हणता आणि ठेवून देता.

हे गेल्याला या महिन्यात अकरा वर्षं झाली. आपणही एकमेकांना तेव्हाच शेवटचं पाहिलं. लेकीचा फोन येतो, पण ती तिकडे उठते तेव्हा मी इकडे झोपायच्या बेतात असते, त्यामुळे बोलणं जांभया देतच होतं. माझा गुडघा आहे तसाच आहे.

तुमची वहिनी


२२ जानेवारी

वहिनी,

तुकडे मिळाले. इतक्या दिवसांनी कुणी कामाचं विचारलं, बरं वाटलं. म्हणजे रंगखात्यात अजून विचारतातच म्हणा. निवृत्त झालो तरी नव्या मास्तराचं माझ्यावाचून पान हलत नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघावंच लागतं.

आता नीट ऐका. मंडळालाही ऐकवा. रंग एकटा कधी बघू नये. त्याच्या शेजारी कोण बसलंय त्यावर त्याचा स्वभाव ठरतो. तुमचा तीन नंबरचा विटकरी एकटा असला की दांडगट वाटतो. त्याला आठ नंबरच्या शेवाळीशेजारी बसवा, शहाण्यासारखा वागेल. दिव्याखाली रंग ठरवायचा नाही. उत्तरेची खिडकी, सकाळी दहा ते बारा. तुकडे जमिनीवर मांडा, आठ पावलं मागे जा, डोळे अर्धे मिटा. जो तुकडा उडी मारून पुढे येईल तो तिथला नव्हे, त्याला उचला.

एक, चार आणि नऊ कडेला घ्या. दोन आणि दहा काळे आहेत, ते लांब लांब ठेवा, नाहीतर तिथे भोक पडल्यासारखं दिसेल. पाच आणि अकरा दोन्ही पांढरे, कुठलाही कुठेही लावा. सात नंबर मात्र मेलेला राखाडी आहे. तो माझा नसणार, कुणी बिघडवलेला असेल. असला रंग वर आला तर सगळी गोधडी उदास होईल. फेकवत नसेल तर अस्तराच्या बाजूला लावा, दिसणार नाही.

तुकडे परत पाठवतो आहे. मंडळाला नमस्कार.

तुमचा रंगराव


३ फेब्रुवारी

भावजी,

तुमचं पत्र मंडळात मोठ्याने वाचून दाखवलं. हसरी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. उंच बाई म्हणाल्या, एवढा शिस्तीचा माणूस बायकोविना राहिला यात नवल नाही. रागावू नका, त्या तशा मनाने चांगल्या आहेत. आठ पावलं मागे जायला माझी खोली पुरत नाही, सहाव्या पावलाला भिंत लागते. मी सहावरच डोळे मिटते.

विटकरी आणि शेवाळी अगदी तुम्ही म्हणालात तसे नांदताहेत. पण पाच, सात आणि अकरा पुन्हा पाठवते आहे. सकाळच्या उजेडात परत एकदा बघाल? घाईत पाहिलं असेल. चष्म्याचा नंबर बदललाय का तुमचा? अक्षर केवढं मोठं झालंय, एका पानावर आठ ओळी.

सोबत पाच चौकोन आहेत, पाच जणींनी एकेक शिवलेला. कुणाचा कसा झालाय ते सांगा, म्हणजे इथे मला जरा भाव मिळेल.

वहिनी


१९ फेब्रुवारी

वहिनी,

पुन्हा पाहिलं. दहा वाजता, उत्तरेच्या खिडकीत. पाच आणि अकरा पांढरे आहेत. सात राखाडी आहे. चौतीस वर्षं मी हेच काम केलं. मी 'पास' म्हटल्याशिवाय त्या गेटातून एक ठाण बाहेर पडत नव्हतं. आता वहिनींनीही माझी परीक्षा घ्यायची म्हणजे झालंच.

हल्ली रंगखात्यातही तेच चाललंय. मी पास केलेला पांढरा लॉट नव्या मास्तराने परत आणला, म्हणे पिवळसर आहे. डोळ्यांत तेल घालून काम करणारी माणसं राहिली नाहीत.

चौकोन चांगले झालेत. टाके बारीक आहेत. पाचही जणी शेवटी जोडगाठ मारतात आणि ती डावीकडे लपवतात, हे विशेष. एकाच शाळेतल्या दिसतात. चौकोन आणि तिन्ही तुकडे परत पाठवतो आहे.

रंगराव


११ एप्रिल

भावजी,

दोन महिने लिहिलं नाही. राग नव्हता, कसं लिहावं तेच सुचत नव्हतं. आता लिहिते आहे. शेवटपर्यंत वाचा, मध्येच चुरगळून टाकू नका.

सात नंबर राखाडी नाही. तो फिकट जांभळा आहे आणि तुमचाच आहे.

नमुना म्हणून कापडाऐवजी फूल घेऊन आलेलं ते गिऱ्हाईक आठवतं? पडद्यांना हाच रंग हवा म्हणून हटून बसलं होतं. तेव्हा तुम्ही आमच्याकडेच राहायचात. संध्याकाळी ते फूल घरी आणलंत आणि पेल्यात पाणी घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलंत. आपण तिघांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते मलूल झालं, तिसऱ्या दिवशी तपकिरी. तुम्ही मात्र पहिल्या संध्याकाळचा रंग डोक्यात धरून बसलात. सोळा तुकडे रंगवलेत आणि फेकलेत. हात कोपरापर्यंत जांभळे. तुमचे दादा म्हणायचे, ह्याला आता हातमोजे विणणारीच बायको शोधायला हवी. सतरावा तुकडा आणलात तो माझ्या हातात दिलात. मी म्हटलं, हाच.

गिऱ्हाइकाने तो वाळलेल्या फुलाशेजारी धरून पाहिला, "हा तो नव्हे" म्हणालं आणि निघून गेलं. तुम्ही चार दिवस धड जेवला नव्हतात. तो रंग पुन्हा कधी केला नाहीत. त्याचा जगात हा एकच तुकडा आहे, आणि तो बरोबर होता हे सांगणारी आता मी एकटी उरले आहे.

तो तुम्ही ओळखला नाहीत. पाच पांढरा आहे, अकरा लिंबाच्या सालीसारखा पिवळा आहे. दोन आणि दहामधला एकच काळा आहे, दुसरा गर्द निळा. आधी वाटलं चेष्टा करताय, मग वाटलं म्हातारपणी हट्टी झालात. आता मला कळलंय. भावजी, तुम्हाला दिसत नाही. डोळे दाखवलेत का? हे असते तर कान धरून घेऊन गेले असते. मला भीती वाटते आहे.

वहिनी


४ मे

वहिनी,

पत्र उन्हात बसून, भिंग लावून वाचलं. दोन दिवस लागले.

सतरावा. आणि मी त्याला मेलेला म्हणालो.

आता खरं सांगतो. रंगखात्यात मी तीन वर्षं पाऊल टाकलेलं नाही. तो परत आलेला लॉट खरा आहे, पण तो तीन वर्षांपूर्वीचा. निवृत्तीनंतरही मला अधूनमधून बोलवायचे. त्या दिवशी नव्या मास्तराने सगळ्यांसमोर विचारलं, "मास्तर, हा पांढरा आहे का?" मी म्हटलं, हो. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून बोलावणं नाही. मी मात्र रोज डबा घेऊन निघतो, गेटासमोरच्या बाकावर बसून खातो आणि भोंगा झाला की घरी येतो. शेजाऱ्यांना वाटतं मी कामावर जातो.

डोळे दाखवले, गेल्या ऑक्टोबरात. दोन्हीकडे मोतीबिंदू. आपल्याला हळूहळू पिवळं दिसायला लागतं आणि आपल्यालाच ते कळत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ऑपरेशन छोटं आहे. त्यांनी फॉर्म दिला. नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला. मग एक ओळ आली: सोबत येणाऱ्याचे नाव व नाते. कारकून म्हणाला, "कुणीही चालेल काका, पण घरी न्यायला माणूस लागतो, नियम आहे." मी पेन हातात धरून उभा राहिलो. मागे रांग होती. उद्या आणतो म्हणालो आणि निघालो. फॉर्म टेबलाच्या खणात आहे. ऑपरेशनची भीती नाही वहिनी, मला ती ओळ भरता येत नाही.

तुमचं नाव मनात आलं नाही असं नाही. पण तुमचं भरलेलं घर, मंगळवार, शुक्रवार. तिथे आपलं रडगाणं कशाला न्यायचं. मग फेब्रुवारीत तुमचे ते पाच चौकोन हातात घेतले. तेव्हा बोलायचा धीर झाला नाही, आता बोलतो. पाचही चौकोन एकाच हाताचे आहेत. डोळे गेले, बोटं अजून शाबूत आहेत.

रंगराव


१२ मे

भावजी,

पकडलंत.

मंडळ नाही. कधीच नव्हतं. पाच खुर्च्या आहेत, त्यातल्याही दोन शेजारच्या बंद घरातून आणलेल्या, किल्ली माझ्याकडे असते. मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्या गोल मांडते आणि मध्ये बसून शिवते. हे वाचून वेड लागलंय की काय असं वाटेल तुम्हाला. लागलेलं नाही. उंच बाई समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. कुंड्यांवाल्या त्यांच्या वर. नर्सबाई सकाळी पावणेसातला पांढऱ्या कपड्यांत जातात. गाणं पलीकडून ऐकू येतं, बाई दिसत नाहीत. हसणारी फक्त हसताना ऐकू येते. माणसं खरी आहेत, ती माझ्याकडे येत नाहीत एवढंच खोटं.

गेल्या सप्टेंबरात जिन्यात पडले. हाड मोडलं नाही, धीर मोडला. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेले नाही. आठ महिने. दुकानदार खालून हाक मारतो, मी दोरीने टोपली सोडते, तो सामान घालतो. पोस्टमन तेवढा वर येतो. पत्रं तोच नेतो आणि तोच आणतो, म्हणून तुम्हाला लिहायला लागले. आधी वाटलं होतं दाराशी दोन शब्द बोलणारा माणूस मिळेल. मग तुमच्या पत्राची वाट बघायला लागले. लेकीला यातलं काही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

आता कामाचं. खणातला फॉर्म काढा. त्या ओळीत माझं नाव लिहा. नाते: वहिनी. तारीख घ्या, पण महिनाभर पुढची घ्या. आमच्या जिन्याला चोपन्न पायऱ्या आहेत. काल सहा उतरले आणि सहा चढले. उलटं तोंड करून, कठडा धरून उतरलं की गुडघा कुरकुर कमी करतो. बघणारं कुणी नाही, त्यामुळे लाज वाटत नाही. रोज दोन वाढवीन.

वहिनी


२० मे

वहिनी,

तारीख चौदा जून, उजवा डोळा. कारकुनाने ओळ वाचली आणि म्हणाला, "वहिनी? जवळचं कुणी नाही का?" मी म्हटलं, हेच जवळचं आहे. शिक्का मारला त्याने.

पण तुम्ही जिवावर उदार होऊन येऊ नका. न जमलं तर दुसरी तारीख घेऊ. आतली खोली तुमच्यासाठी रिकामी केली आहे. भिंतींना रंग दिला, पांढरा. दुकानदार पांढरा म्हणाला, म्हणून पांढरा.

डबा घेऊन जाणं बंद केलं.

रंगराव


९ जून

भावजी,

आज चोपन्न. तळमजल्यावर पोचले आणि पायरीवर बसूनच राहिले. समोरून उंच बाई आल्या आणि विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" मी त्यांच्याशी इतक्या ओळखीने बोलले की त्या बिचाऱ्या गोंधळून गेल्या. जवळून त्या फारशा उंच नाहीत. बारा तारखेला माझी पिशवी बसपर्यंत आणून देणार आहेत.

गोधडी पुरी झाली, घेऊन येते. तुम्ही लिहिलंत तशीच शिवली आहे, एक टाकाही इकडचा तिकडे केलेला नाही. नावं ठेवायची तर स्वतःलाच ठेवा.

वहिनी


२ जुलै

वहिनी,

तुम्ही गेल्याला आज नऊ दिवस झाले. पट्टी सुटली, काळा चष्माही गेला. उजव्या डोळ्याने लिहितो आहे. बघा, एका पानावर बावीस ओळी.

तुम्ही इथे होतात तोवर गोधडी बघायची नाही, असं मी ठरवलं होतं. तुमच्यासमोर फजिती नको. आज सकाळी दहा वाजता ती उत्तरेच्या खिडकीपाशी जमिनीवर पसरली, आठ पावलं मागे गेलो आणि पाहिली. वहिनी, इतकी वाईट गोधडी मी जन्मात पाहिली नाही. पांढऱ्यात पिवळे ठिपके उठल्यासारखे. निळा आणि काळा लांबून एकमेकांवर डोळे वटारतायत. एक, चार, नऊ कडेला घ्या म्हणालो होतो, ते तिघं तिथे उभे राहून बोंब मारतायत. तुम्हाला हे सगळं दिसत होतं. सहा पावलांवर उभं राहून रोज दिसत होतं, तरी तुम्ही शिवत राहिलात. मग मी उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिली. बरोबर होती. सगळं जागच्या जागी, मी सांगितलं होतं तसं.

नंतर उलटी केली. अस्तर साधं, मांजरपाटाचं. आणि बरोबर मध्ये, एकटा, तो. अस्तराच्या बाजूला लावा, दिसणार नाही, असं मीच लिहिलं होतं ना? मला दिसला. पेला दिसला, खिडकी दिसली, "हाच" म्हणणाऱ्या तुम्ही आणि मागे उभे असलेले दादा दिसले. मी जमिनीवर बसलो आणि चांगला रडलो. डोळ्याला पाणी लावायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, त्यांना कळवू नका.

रंग एकटा कधी बघू नये, हेही माझंच वाक्य. म्हणून तुम्ही विसरून गेलेला पाच नंबरचा जादा तुकडा घेतला आणि त्याच्या शेजारी टाचला. स्वतः, सुईने. बोटाला तीन वेळा टोचलं. टाके वाकडे आले आहेत आणि तुमची ती जोडगाठ काही साधली नाही, ती डावीकडे लपवायचं तर लांबच राहिलं. पण पांढऱ्याशेजारी तो कसा दिसतो, ते तुम्ही येऊन बघा.

तुम्ही गेल्यापासून आतल्या खोलीचं दार मी उघडंच ठेवतो. संध्याकाळी घर फार मोठं होतं. दोन कप काढतो आणि एक परत फळीवर ठेवतो. तुमचंही तिकडे काही वेगळं चाललं नसणार. उंच बाईंना नमस्कार सांगा, आणि चोपन्न पायऱ्या रोज उतरा, सवय मोडू देऊ नका.

काल दवाखान्यात जाऊन डाव्या डोळ्याचा फॉर्म आणला. ती ओळ आधी भरली, बाकीचं नंतर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसऱ्या डोळ्याची काही घाई नाही, वर्षभर थांबलात तरी चालेल.

मी म्हटलं, मला आहे घाई.

तुमचा रंगराव